राणीच्या बागेत पेंग्विन सोडून

परवा नौपाड्याहून निघून भाचीला घेऊन भायखळ्याला राणीच्या बागेत गेलो. आता ठाण्यातली पोरं म्हणजे पेंग्विन बघायलाच येणार, ती लाइन बघूनच मला घाम फुटला, पण काचेमागचे ते हंबोल्ट पेंग्विन बघून भाची जी हरखली की विचारू नका. मला मात्र झाडं बघायची होती. बाग 1862 ची आहे, त्यामुळे झाडं पण तशीच, अवाढव्य. कैलासपतीला फुलं फांदीच्या टोकाला नाही तर थेट खोडावर येतात, आत नागाच्या फण्याखाली पिंड असावी तसा आकार, वास मस्त. फळ मात्र तोफेच्या गोळ्याएवढं आणि फुटलं की असलं घाण वास मारतं की भाची "ईई मामा" करत पळाली!

शेजारच्या म्युझियमबाहेर घारापुरीचा दगडी हत्ती आहे. ब्रिटिश त्याला इंग्लंडला न्यायला निघाले आणि उचलताना क्रेनच तुटली, हत्तीचे तुकडे झाले, मग ते जोडून इथे उभा केला. सांधे नीट बघितले तर दिसतात. भाचीने ते बोटाने मोजायला घेतले, सातावर विसरली, परत पहिल्यापासून.

आणि हो, बुधवारी जाऊ नका, बंद असते.