लोणा

तळमजल्यावर राहणाऱ्यांना हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. भिंतीच्या रंगाला आधी फुगा येतो. मग तो फुटतो आणि आतून पिठासारखं पांढरं काहीतरी फरशीवर पडायला लागतं. सकाळी झाडलं तरी संध्याकाळी पुन्हा आहेच. गेल्या मे महिन्यात शेवटी रंगारी बोलावला. त्याने नखाने भिंत टोकरली, बोटावर आलेलं चक्क जिभेला लावलं आणि निदान केलं, "लोणा आहे, ताई. खरवडून पुट्टी मारून देतो. पण दोन पावसाळ्यांची गॅरंटी मागू नका."

तो गेल्यावर मी त्या टोकरलेल्या भागाकडे बघत बसले. बारीक बारीक खळगे, त्यांच्यामध्ये पातळ कडा. हे आपण कुठेतरी पाहिलंय, याहून कितीतरी मोठं, असं वाटत राहिलं. मग लक्षात आलं, हरिहरेश्वर.

माझ्या आत्याचं सासर श्रीवर्धनचं. सुट्टीत आम्ही भाचरं तिच्याकडे, आणि एक दिवस हरिहरेश्वरची प्रदक्षिणा ठरलेली. ती वाट पायऱ्यांनी कातळाच्या अरुंद फटीतून खाली उतरते आणि थेट समुद्रालगतच्या खडकावरून जाते. म्हणजे ओहोटी असेल तरच प्रदक्षिणा. आत्या त्यासाठी भिंतीवरची कालनिर्णय बघायची आणि मनातल्या मनात पाऊणकी करायची. तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. "आज अष्टमी. आठाची पाऊणपट सहा. सहाला भरती, म्हणजे बाराला ओहोटी. अकराला निघायचं." तिचा हिशोब चुकलेला आठवत नाही. मे महिन्यातल्या बाराच्या उन्हात काळ्या कातळावर अनवाणी चालताना तो चुकला असता तर बरं, असं मात्र वाटायचं.

त्या कातळाला मधाच्या पोळ्यासारखी भोकं आहेत. कुठे बोट जाईल एवढी, कुठे अख्खी मूठ. आम्हाला वाटायचं, लाटांनी आपटून आपटून पाडलीत. लाटा आपटतातच, ते खोटं नाही. खडकाच्या भेगेत पाणी घुसतं तेव्हा आतली हवा कोंडून दाबली जाते, आणि लाट मागे हटली की ती एकदम सुटते. वर्षानुवर्षं हे चाललं की भेग रुंदावते, दगड निखळतो. कड्याचा पायथा असा आत आत खाल्ला गेला की वरचा भाग आपल्याच वजनाने खाली येतो. पडलेले दगडही मग लाटांच्या हातातली हत्यारं होतात. कडा मागे सरकत गेला आणि त्याच्या पायाशी जो सपाट ओटा उरला, त्याच्यावरूनच आपण प्रदक्षिणा घालतो.

पण भोकांचं काम आपटण्याने होत नाही. ते लाट जिथे पोचत नाही, नुसते तुषार पोचतात, तिथेही जोरात चालू असतं. तुषार दगडाच्या सूक्ष्म छिद्रांत मुरतात, उन्हाने पाणी उडून जातं आणि मिठाचे स्फटिक आत वाढायला लागतात. त्यांना जागा हवी असते. ते दगडाचा एक कण ढकलतात, मग दुसरा. हा साडेसहा कोटी वर्षांहून जुन्या लाव्ह्याचा बसॉल्ट, आणि त्याला पोखरतंय काय, तर मीठ! माझ्या भिंतीतही तेच. जमिनीतली ओल क्षार घेऊन वर चढते, पाणी वाळतं, क्षार रंगामागे फुलतात.

याचा सगळ्यात गमतीदार नमुना मुरुडच्या समुद्रात आहे. जंजिऱ्याच्या सिद्दीला शह द्यायला शिवाजी महाराजांनी बांधलेला पद्मदुर्ग, म्हणजे कासा किल्ला. तिथल्या तटाचे दगड समुद्राने खाल्लेत, पण दगडांमधला चुना तसाच उभा आहे. रिकामी चौकट राहावी आणि तसबीर आत गेलेली असावी, तशी भिंत दिसते. मी तिथे गेले तेव्हा एका चौकटीत हात घातला. मनगटापर्यंत आत गेला. बांधणाऱ्याने चुन्यात काय घातलं होतं यावर होडीतल्या प्रत्येकाचं स्वतंत्र मत होतं. गूळ ते उडीद, सगळं निघालं.

वाळूचं गणित मात्र वेगळं, तिथे घेणं-देणं दोन्ही असतं. पावसाळ्यातल्या दांडग्या लाटा पुळणीवरची वाळू ओढून आत नेतात. किनारा इतका उतरतो की ओळखीचा दगड एकदम कमरेएवढा उघडा दिसतो. पाऊस सरला की मंद लाटा तीच वाळू हप्त्याहप्त्याने परत आणून टाकतात. वरच्या अंगाला आपट्यासारख्या पानांची, जांभळट फुलांची मर्यादवेल पसरलेली असते, ती उडणारी वाळू धरून ठेवते. समुद्र हिची मर्यादा ओलांडत नाही म्हणून मर्यादवेल, असं आत्या सांगायची.

अलीकडे मी एका गावी गेले होते, नाव नको. तिथे पुळणीच्या डोक्यावर दगडी बंधारा घातलाय. मर्यादवेल त्याच्याखाली गेली. उतरत्या पुळणीवर लाट धापा टाकत थांबते, बंधाऱ्यावर आपटली की तशीच उलटी फिरते आणि पायथ्याची वाळू ओरबाडून नेते. बंधाऱ्यामागची घरं सुरक्षित आहेत, हे खरंच. पण पुढ्यात भरतीला पुळणच उरत नाही, आणि बंधारा जिथे संपतो तिथून पुढच्या वाडीतले माड मुळं उघडी टाकून उभे आहेत. तिथल्या एका आजोबांनी मला अगदी शांतपणे विचारलं, "आमच्याकडे कधी घालणार?" मी कुणी साहेब नाही हे सांगितल्यावर त्यांनी शहाळं दिलं.

पुट्टीने एकच पावसाळा काढला. दिवाळीआधी फुगा परत आला, जुन्या जागेपासून वीतभर वर. यावेळी मीही बोट लावून चाखलं. खारट, किंचित कडू. आत्याला फोन केला तर ती हसली. तिच्याकडे खाऱ्या वाऱ्याने खिडक्यांचे गज खाल्लेत, तिला माझ्या भिंतीचं काय! म्हणाली, "रंगाऱ्याला कशाला पैसे देतेस? कपाट सरकव तिथे."

सरकवलंय. कपाटाच्या पायाशी रोज थोडं पांढरं पडतं, ते झाडते. मागे बघत नाही.