डिगचे उत्तर निराळे, सर्व्हरचे निराळे

एका बँकेचे सर्व्हर नव्या डेटा सेंटरमध्ये हलवताना फायरवॉल सांभाळणाऱ्यांनी आमच्याकडे प्रत्येक होस्टनेमचा आयपी पत्ता मागितला. नावांची यादी एक्सेलमधून आलेली असल्यामुळे आधी ओळींच्या शेवटी दडलेले कॅरेज रिटर्न (ओळ संपल्याची न दिसणारी खूण) काढावे लागले. ते राहिले तर डिग (नावाचा पत्ता शोधणारी कमांड) त्यालाही नावाचाच भाग समजतो आणि पत्त्याच्या जागी काहीच येत नाही. पुढची बॅश स्क्रिप्ट साधी होती: एकेक नाव वाचायचे, 'डिग प्लस शॉर्ट'ला द्यायचे आणि उत्तरातली सीनेमची, म्हणजे दुसऱ्या नावाकडे बोट दाखवणाऱ्या नोंदींची, नावे गाळून फक्त पत्ते ठेवायचे.

त्या पत्त्यांवरून फायरवॉलचे नियम लागले, तरीही स्थलांतराच्या रात्री पगाराचे अ‍ॅप्लिकेशन डेटाबेसपर्यंत पोहोचेना. डेटाबेसवाले म्हणत की आमच्याकडे विनंतीच येत नाही. नेटवर्कवाले म्हणत की यादीतला पत्ता खुला आहे. दोघांचेही खरे होते.

डिग थेट डीएनएस सर्व्हरला, म्हणजे नावांचे पत्ते सांगणाऱ्या सर्व्हरला, विचारतो. अ‍ॅप्लिकेशन मात्र लिनक्सच्या लायब्ररीमार्फत विचारते, आणि ती लायब्ररी नाव आधी कुठे शोधायचे ते ठरवणाऱ्या एनएसस्विच फाइलमधला क्रम पाळते. तिथे 'फाइल्स' आधी आणि 'डीएनएस' नंतर असेल, तर होस्ट्स फाइलमध्ये (सर्व्हरवरच्याच नाव-पत्त्यांच्या यादीत) नाव सापडताच डीएनएसपर्यंत कोणी जातच नाही. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएसची रचना मांडली, ती सगळ्या जाळ्यासाठी एकच होस्ट्स फाइल सांभाळणे अवघड झाले म्हणून. तरी तशी फाइल आजही प्रत्येक सर्व्हरवर ठाण मांडून आहे.

म्हणून स्क्रिप्टला दुसरा रकाना जोडला. प्रत्येक अ‍ॅप्लिकेशन सर्व्हरवर एसएसएचने (दूरच्या सर्व्हरवर शिरण्याच्या कमांडने) जाऊन 'गेटएन्ट एहोस्ट्स' (त्याच लायब्ररीमार्फत पत्ता विचारणारी कमांड) चालवायचे, त्याचे उत्तर डिगच्या उत्तराशेजारी ठेवायचे आणि फरक असेल तीच ओळ छापायची. (लूपमध्ये एसएसएचला 'एन' हा पर्याय द्यावाच लागतो, नाहीतर उरलेली यादी तोच गिळून टाकतो.) पडद्यावर एकच ओळ उमटली: पगाराच्या सर्व्हरवर डेटाबेसच्या नावापुढे जुन्या डेटा सेंटरचा पत्ता. होस्ट्स फाइलमध्ये त्या नोंदीच्या वर कोणीतरी लिहून ठेवले होते, 'टेस्टिंगपुरते, नंतर काढणे'.

"सर, ओळ उडवू का?" शेजारच्या सहकाऱ्याने विचारले. "उडवू नका. फाइलची प्रत ठेवा आणि पुढे हॅश लावून ओळ कॉमेंट करा," मी सांगितले. गेटएन्ट लगेच नवा पत्ता दाखवू लागला. अ‍ॅप्लिकेशनने मात्र जुनाच पत्ता धरून ठेवला होता, त्यामुळे ते रीस्टार्ट केल्यावरच पगाराची पहिली क्वेरी नव्या डेटाबेसवर पोहोचली.