अँबेसिडरचं पुढचं सस्पेन्शन, खळ्यातल्या शेडमध्ये

जुनी अँबेसिडर घेतलेला माणूस पहिलं काम काय करतो तर पेंट. मग सीट कव्हर, मग बंपरला क्रोम, मग रील. पुढच्या चाकाखाली जरा वाकून बघ म्हटलं तर म्हणतो, चालते ना गाडी. अहो चालते, अँबेसिडर काही झालं तरी चालतेच, तोच तर घोळ आहे. आमच्या आबांची १९७२ची मार्क २ कित्येक वर्षं अशीच चालली. स्टेअरिंग चांगलं चार बोटं फिरवलं तरी गाडीला पत्ता नाही, ब्रेक मारला की डावीकडे ओढायची, अमळनेरहून पारोळ्याला निघालं की पहिल्याच खड्ड्यात पुढून टण्ण आवाज. त्यावर आबांचं म्हणणं, आवाज येतोय म्हणजे गाडी जागी आहे.

तर ह्या थंडीत ती गाडी शेतातल्या खळ्यावर पत्र्याच्या शेडमध्ये घेतली आणि पुढचं सगळं सस्पेन्शन खाली उतरवलं. गॅरेजला टाकली नाही कारण आपल्याकडे आता ह्या गाडीला हात लावणारी माणसंच कमी राहिलीत, आणि जी आहेत ती म्हातारी झालीत, वाकवत नाही त्यांना. धुळ्याचे एक चाचा आहेत, आग्रा रोडला ट्रकची कामं करत आयुष्य गेलं, ते खुर्ची टाकून बसायला तयार झाले. सांगायचं त्यांनी, करायचं मी. थंडीत खळ्यावर भरिताचा बेत असतोच त्यामुळे चाचांना बोलवायला वेगळं निमित्त लागलं नाही.

आधी दुखणं कुठलं ते बघायचं, खोलायची घाई करायची नाही. पुढचं चाक जॅकवर अधांतरी घ्या, टायर वरून आणि खालून दोन्ही हातांनी धरा आणि हलवा. खटखट जाणवली की कोणाला तरी गाडीत बसवून ब्रेक दाबून धरायला सांगा आणि परत हलवा. ब्रेक दाबल्यावर खेळ बंद झाला तर व्हील बेअरिंगचा प्रॉब्लेम, कारण ब्रेकने चाकाबरोबर फिरणारा ड्रम आणि मागची न फिरणारी बॅकप्लेट एक झाली. तरीही हललं तर किंगपिन गेली, म्हणजे ज्या उभ्या पिनेवर पुढचं चाक वळतं ती. एवढी टेस्ट कोणी पण करू शकतो आणि जुनी गाडी घ्यायला गेलात तर मालकासमोरच करा, भाव तिथल्या तिथे खाली येतो. आमच्या गाडीत ब्रेक दाबून पण डावं चाक असं हललं की चाचांनी चहाचा कप खाली ठेवला.

आता ह्या गाडीखाली आहे काय ते थोडं सांगतो नाहीतर पुढचं कळणार नाही. अँबेसिडर म्हणजे इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड सिरीज थ्री, हिंदुस्तान मोटर्सने बंगालमध्ये उत्तरपाड्याला बनवायला घेतली ती २०१४ पर्यंत बनवली. पुढच्या सस्पेन्शनची मांडणी १९४८च्या मॉरिस मायनरच्या वळणाची, आणि ती मायनर ज्या अ‍ॅलेक इसिगोनिसची त्यानेच नंतर मिनी काढली. ह्यात पुढे कॉइल स्प्रिंग नाहीच. बरेच जण खाली वाकून स्प्रिंग शोधतात आणि म्हणतात कोणीतरी काढून विकली वाटतं. स्प्रिंगच्या जागी प्रत्येक बाजूला एक लांब लोखंडी दांडा आहे, टॉर्शन बार, चाक धरणाऱ्या खालच्या आर्मपासून गाडीच्या लांबीत मागे जातो आणि फ्लोअरखालच्या आडव्या मेंबरला घट्ट बसतो. चाक वर गेलं की दांड्याला ओलं धोतर पिळतात तसा पीळ बसतो आणि तो पीळ सुटायला बघतो, झाली स्प्रिंग. वरचा आर्म म्हणून वेगळा आर्म नाही, शॉकअपचाच हात वरच्या आर्मचं काम करतो. म्हणजे शॉकअप ढिला झाला की नुसती गाडी उडत नाही, चाकाचा अँगल पण जातो.

आणि ह्या सगळ्यात कळीची जागा म्हणजे खालचा ट्रुनियन, खालच्या आर्मच्या टोकाला किंगपिन धरणारा तुकडा. किंगपिनला खाली वर आटे असतात आणि ती आट्यांनीच ट्रुनियनमध्ये बसते, स्टेअरिंग फिरवलं की पिन त्या आट्यांत फिरते. आता विचार करा, चाक जमिनीवर आहे, टॉर्शन बार खालच्या आर्मला खाली दाबतोय, म्हणजे गाडीचं वजन पिनला खालच्या ट्रुनियनमधून वर उपसून काढायला बघतंय, चोवीस तास, उभी असली तरी. तिला धरून ठेवतात ते फक्त आटे. आटे संपले की पिन बाहेर आणि चाक आडवं. जुने ड्रायव्हर म्हणायचे "गाडी बसली" ते बऱ्याचदा हेच असायचं. बहुतेक वेळा वळताना किंवा रिव्हर्स घेताना होतं, स्पीड कमी असतो म्हणून माणसं वाचतात.

हे आटे टिकतात ते ग्रीसवर. बाकी कशावर नाही.

आता आमच्याकडे काय सापडलं बघा. खालच्या ट्रुनियनचं ग्रीस निप्पल, म्हणजे ग्रीस भरायचं बारीक तोंड, दिसेचना. पत्रा ब्रशने घासत गेलो तर आधी काळा रंग निघाला, त्याखाली पांढरा, त्याखाली अजून एक कसला तरी करडा, आणि मग निप्पलचं टोक. म्हणजे दर पेंटला पेंटरने खालून पण हात मारून घेतला आणि निप्पलच्या तोंडावर थर बसत गेले. त्यानंतर सर्व्हिसिंगला ग्रीस गन लावली असणार, ग्रीस बाहेर ओघळलं असणार, पोऱ्याने फडक्याने पुसलं असणार आणि बिलात ग्रीसिंग लिहिलं असणार. आत एक थेंब नाही. पिन काढली तर आत ग्रीसच्या जागी आपली काळी माती, पावसात चिखल होऊन घुसलेली आणि उन्हाळ्यात भाजून कडक झालेली, छन्नीने टोकरून काढावी लागली. आट्यांच्या कडा झिजून धारदार झालेल्या, नख फिरवलं तर नखाचा कीस निघत होता. चाचा म्हणाले, "भाऊ, ह्याला वेळेवर ग्रीस भेटली अस्ती तर हा तुझ्या पोराच्या लग्नात बी चालला अस्ता."

काळी माती म्हटलं की लोकांना कापूस आठवतो, मला सस्पेन्शन आठवतं. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, तिच्यावरचा डांबरी रस्ता दोन पावसाळ्यांत लाटा मारायला लागतो. खड्डा तरी दिसतो, लाटा दिसत नाहीत, गाडी सारखी वरखाली होत राहते आणि ती सगळी मेहनत त्या आट्यांची. वरून एप्रिल मेचं ऊन, भुसावळ जळगावकडचं तापमान तुम्हाला माहितीच आहे, आर्मच्या सांध्यातले रबरी बुश त्यात कडक होऊन तडकतात. आमचे बुश हातात घेतले तर खापरासारखे तुकडे पडले.

खोलताना एक गोष्ट जीवावरची आहे ती नीट वाचा. टॉर्शन बारमध्ये पीळ भरलेला असतो, गाडी जॅकवर घेतली तरी तो पूर्ण जात नाही. त्यामुळे गाडी मजबूत घोड्यांवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर घ्यायची, विटांवर किंवा लाकडाच्या ठोकळ्यांच्या चळतीवर नाही म्हणजे नाही, मग खालच्या आर्मच्या खाली वेगळा जॅक लावून वजन त्यावर घ्यायचं आणि मगच वरचा ट्रुनियन शॉकअपच्या हातापासून सोडवायचा. त्यानंतर जॅक हळूहळू खाली, आर्म लोंबेपर्यंत. जॅक न लावता नट काढला तर आर्म हाणतो, आणि कुठे हाणेल ते तुम्ही कुठे बसलात त्यावर. आमचे शेजारचे आप्पा बांधावरून बघत होते, म्हणे, "कसाले इतला जीव काढी राह्यना भो, इकी टाक ना!" म्हणजे विकून टाक.

टॉर्शन बार काढायच्या आधी त्याच्या मागच्या टोकाला आणि ते टोक धरणाऱ्या लिव्हरला सेंटर पंचने खूण करा, कुठला दात कुठे बसलाय त्याची. गाडीची पुढची उंची त्या दातांवर ठरते, एक दात इकडचा तिकडे झाला तर गाडी एका बाजूने कललेली दिसते आणि मग लोक टायरची हवा कमीजास्त करून उंची जुळवायला बघतात. डावा बार डावीकडे, उजवा उजवीकडेच, अदलाबदल करायची नाही कारण त्याला एकाच दिशेच्या पिळाची सवय लागलेली असते. आणि त्याला पाईप पाना अजिबात लावू नका. बारच्या अंगावर खोल ओरखडा पडला की पुढे कधीतरी तिथूनच तुकडा पडतो. आम्ही दोन्ही बार घासून भिंग लावून बघितले, चांगले निघाले, मग प्रायमर आणि रंग मारला. हो, रंग इथे मारायचा असतो, निप्पलवर नाही.

बार निघाले की ते जिथे मागे बसतात तो आडवा मेंबर आणि पुढच्या रेल्स टोचून बघा, स्क्रू ड्रायव्हरने जोर लावून. अँबेसिडरला ट्रकसारखी वेगळी चेसिस नसते, बॉडीच चेसिस आहे. तिथला पत्रा सडला असेल तर नवीन किंगपिन टाकून काय उपयोग, आधी वेल्डिंग, आणि ते चांगल्या फॅब्रिकेटरकडूनच. आमच्या नशिबाने खणखणीत निघाला, इंजिनचं ऑइल गळून गळून खालचा पत्रा आपोआप ऑइल पीत राहिला. ब्रिटिश इंजिनाची ती एक मेहेरबानी.

सामान मिळतं. ऑनलाइन पण मिळतं पण मी म्हणेन किंगपिन आणि ट्रुनियन हातात घेऊनच घ्या. एका दुकानात मला चकचकीत पॅकिंगमधला सेट दाखवला, तिथेच काउंटरवर पिन ट्रुनियनमध्ये फिरवली आणि डुगडुगवली तर नवी कोरी पिन आमच्या जुन्यासारखीच हलत होती. तो तिथेच ठेवला. शेवटी एका जुन्या दुकानाच्या माळ्यावरून मेणकागदात गुंडाळलेला जुना माल मिळाला, त्यावरची धूळ बघूनच चाचा खूश. पिन हाताने फिरवली की शेवटपर्यंत एकसारखी जड फिरली पाहिजे, कुठे अडकायला नको आणि कुठे मोकळी पण व्हायला नको. डाव्या उजव्या बाजूचा माल वेगळा असतो, जबरदस्तीने बसवू नका.

शॉकअप लोक उगाच भंगारात देतात. हा टेलिस्कोपिक नाही, लोखंडी डब्यात पिस्टन आणि तेल, बाहेर हात. बाकावर शिकंज्यात पकडून हात पूर्ण वरखाली करून बघा. सगळीकडे सारखा जोर लागला तर ठीक. मध्येच मोकळा जात असेल तर आत हवा आहे किंवा तेल कमी आहे, वरचा प्लग काढून शॉकअपचं तेल भरा, भरता भरता हात पंपासारखा चालवत राहा म्हणजे हवा निघते. इंजिन ऑइल घालू नका, थंडीत दगड होतं. तेल भरून पण मोकळाच राहिला किंवा शाफ्टमधून गळायला लागला तर रिपेअरला द्यावा लागेल. आमचा उजवा नुसत्या तेलावर सुधारला, डाव्याचं सील धुळ्याला बदलून घेतलं. जुने बुश प्रेसवर काढायचं काम पण तिथेच करून घेतलं, घरी हातोड्याने ठोकून बुशची जागा फाटते.

फिटिंगमध्ये दोन गोष्टी. एक, किंगपिन बसवताना आट्यांना ग्रीस हाताने चोपडून मगच फिरवायची, नंतर गनने देऊ असं नाही. आणि जुनं निप्पल साफ करत बसू नका, नवीन टाका. दुसरी गोष्ट चांगले चांगले मिस्त्री विसरतात. रबरी बुशचे नट चाक अधांतरी असताना फायनल टाईट करायचे नाहीत. तेव्हा आर्म खाली लोंबलेला असतो, त्या पोझिशनला रबर आवळलं आणि मग गाडी खाली सोडली की रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि थोड्याच दिवसात फाटतं. नट हाताने लावा, गाडी चाकांवर उतरवा, पुढून दाबून दाबून चार झोके द्या, बसू द्या, आणि मग खाली झोपून टाईट करा. कंटाळवाणं आहे, पाठ जाते, पण नवीन बुश सहा महिन्यात गेले अशी तक्रार करणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचं कारण हेच असतं. स्प्लिट पिना सगळ्या नवीन. ब्रेकचा होस काढला असेल तर ब्लीडिंग, म्हणजे ब्रेकमधली हवा काढणं, आलंच.

अलाइनमेंट आधी दोरीने केलं. मागच्या चाकापासून पुढच्यापर्यंत दोन्ही बाजूंनी सुतळी ताणायची, स्टेअरिंग सरळ धरायचं आणि पुढची चाकं पुढून किंचित आत वळलेली येतील असं टायरॉड, म्हणजे चाक वळवणारा दांडा, फिरवायचं. मग जळगावला अजिंठा चौफुलीकडे कॉम्प्युटरवर दाखवायला नेली. त्या मुलाने मशीनमध्ये गाडीचं नाव शोधलं, शोधलं, आणि म्हणाला, "दादा, ही लिस्टमध्येच नाही." मग आकडे हाताने टाकले. सुतळीत आणि मशीनमध्ये फरक होता पण थोडासाच.

गाडी आता ब्रेकला सरळ थांबते, टण्ण बंद झालं. पुढून थोडी उंच वाटतेय पण नवीन रबर आहे, महिनाभर चालवून मगच उंची मोजायची आणि गरज वाटली तर दात बदलायचा, आत्ता हात लावायचा नाही असा चाचांचा हुकूम आहे. ग्रीस दर महिन्याला देणार, पावसाळ्यात चिखलातून आली की लगेच, आणि प्रत्येक वेळी चाक जॅकवर अधांतरी घेऊनच, कारण वजन असताना आट्यांची एक बाजू दाबलेली असते, तिकडे ग्रीस पोचत नाही. ट्रुनियनच्या कडेने नवीन ग्रीस बाहेर येताना दिसलं पाहिजे, तोपर्यंत गन सोडायची नाही.

स्टेअरिंगमध्ये अजून बोटभर प्ले आहे. तो रॅकचा आहे, म्हणजे स्टेअरिंगच्या दातेरी पट्टीचा, रॅक खोलायला उन्हाळ्याच्या आधी जमलं तर ठीक, नाहीतर त्या पत्र्याच्या शेडमध्ये मे महिन्यात मी बसणार नाही.