अर्धा किलोचं पिस्तूल, अडीच किलोचा ट्रिगर

‘बायकांच्या हाताला छोटं पिस्तूलच बरं’ हा सल्ला इथे टेक्सासमध्ये मला दुकानातल्या विक्रेत्याने दिला, ऑफिसातल्या सहकाऱ्याने दिला आणि कित्येक वर्षं इथे काढलेल्या एका काकांनीही दिला. तिघांचा हेतू चांगला होता, यात शंका नाही. पण सल्ला चुकीचा आहे. पहिलं पिस्तूल घ्यायचं मनात असलेल्या मराठी मैत्रिणी माझ्या ओळखीत आहेत, म्हणून रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या सरावाच्या जागी, जाऊन आल्यावर हे जरा सविस्तर लिहिते.

आधी एक महत्त्वाचं. तुम्ही एच-वन-बी (नोकरीच्या) किंवा एफ-वन (शिक्षणाच्या) यासारख्या तात्पुरत्या व्हिसावर असाल, तर अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने तुम्हाला बंदूक किंवा काडतुसं बाळगायला सर्वसाधारणपणे बंदी आहे. राज्याचा शिकारीचा परवाना असणं यासारखे मोजके अपवाद आहेत. ही बंदी नुसत्या खरेदीवर नाही, ताब्यावर आहे. त्यामुळे रेंजवर भाड्याने मिळणारं पिस्तूलही त्यातून सुटत नाही. ‘चल की, मजा येईल’ म्हणून मित्रांबरोबर जाणारी पोरं मी पाहिली आहेत. एवढ्याशा मजेपायी ग्रीन कार्डाची वाट अवघड करून घेऊ नका. माझं ग्रीन कार्ड हातात येईपर्यंत मी रेंजची पायरी चढले नव्हते.

कोल्हापुरात कॉलेजला असताना मी दहा मीटर एअर पिस्तूल खेळायचे. नेमबाज राही सरनोबत आमच्याच गावची, त्यामुळे मुलीने पिस्तूल धरणं घरी कुणाला खटकलं नाही. त्या खेळात एकच हात वापरायचा, दुसरा खिशात. शिसाचा साडेचार मिलिमीटरचा पेलेट आणि दहाचं वर्तुळ अवघं साडेअकरा मिलिमीटरचं. पिस्तूल साधारण किलोभराचं असतं आणि ट्रिगरला नियमाप्रमाणे किमान ५०० ग्रॅम वजन पेलावं लागतं. म्हणजे बोटाचा जोर पिस्तुलाच्या वजनाच्या निम्मा. हा हिशेब लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मी रेंजवर भाड्याने घेतलं ते सिग सॉवर कंपनीचं पी-३६५. कपड्यांखाली लपवून बाळगायच्या पिस्तुलांत या मॉडेलने २०१८ मध्ये मोठी उलथापालथ केली. त्याआधी एवढ्या आकारात सहा-सात गोळ्यांवर भागवावं लागे. ग्लॉक कंपनीचं २०१५ चं ग्लॉक-४३ सहा गोळ्यांचं. सिगने जेमतेम इंचभर जाडीच्या पिस्तुलात दहा गोळ्यांचं मॅगझीन, म्हणजे दस्त्यात सरकवायची गोळ्यांची डबी, बसवलं. नळी ३.१ इंचांची, वजन रिकामं असताना अर्धा किलोच्या आसपास. हातात घेतल्यावर आवडतंच. टी-शर्टखाली सहज झाकलं जाईल, हे बघताक्षणी कळतं.

आणि ट्रिगर? जवळजवळ सहा पौंड, म्हणजे अडीच किलोच्या वर. अर्धा किलोचं पिस्तूल आणि त्याच्या पाचपट जोर लावायला लागणारा ट्रिगर! एअर पिस्तुलाचा हिशेब इथे पार उलटा झाला. बोट जरा तिरकं ओढलं गेलं की अख्खं पिस्तूल त्याच्याबरोबर फिरतं, कारण त्याला जागेवर धरून ठेवायला स्वतःचं वजनच नाही. शिवाय नेम धरायची मागची खाच (साईट) आणि नळीच्या टोकावरची माशी यांत अंतर कमी. त्यामुळे नेमातली केसाएवढी चूक टार्गेटवर मोठी होऊन दिसते.

बंदिस्त रेंजवर कानांत बोळ्यासारखे प्लग आणि त्यावर कान झाकणारे मफ, दोन्ही घालायचे. नुसत्या मफवर भागवू नका. चार भिंतींच्या आत या पिस्तुलाच्या नाइन एमएम काडतुसाचा आवाज छातीत बसतो. शिकवायला निवृत्त सैनिक असलेले एक आजोबा होते. त्यांनी चार नियम माझ्याकडून म्हणवून घेतले. प्रत्येक बंदूक भरलेलीच समजायची. जे उद्ध्वस्त करायचं नाही, त्याच्याकडे नळी वळवायची नाही. नेम धरेपर्यंत बोट ट्रिगरबाहेर. टार्गेट काय आहे आणि त्याच्या मागे काय आहे, हे ठाऊक असल्याशिवाय गोळी नाही. मग सात यार्डांवर कागद लावला.

पहिलीच गोष्ट जाणवली ती करंगळीची. दहाच्या मॅगझीनवर माझी करंगळी अर्धी हवेत राहते, आणि पिस्तुलाचा दस्ता खालून आवळायचं काम तिचंच. स्लाईड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा मागे-पुढे सरकणारा भाग, ओढायलाही जोर लागतो. स्लाईड लहान आणि हलकी असल्याने तिला आवरायला स्प्रिंग ताठ ठेवावी लागते. बोटांचा जोर कमी असलेल्या बाईला ‘छोटं म्हणजे सोपं’ म्हणून जे विकलं जातं, ते नेमकं इथेच तिला दमवतं.

गोळी सुटली की नळी झटकन वर उडते. सगळ्या गोळ्या मध्याच्या खाली डावीकडे जमू लागल्या, तशी आजोबांनी मॅगझीन माझ्याकडून घेतलं आणि मला न दाखवता खऱ्या गोळ्यांमध्ये एक खोटी, नुसती सरावाची, घालून परत दिलं. तिसऱ्या की चौथ्या वेळी ट्रिगर दाबला आणि नुसतं ‘टक्’ झालं. आवाज नाही, धक्का नाही, तरीही नळीचं तोंड बोटभर खाली गेलेलं मला स्वच्छ दिसलं. येणाऱ्या धक्क्याला शरीर आधीच उत्तर देत होतं. एअर पिस्तुलात धक्काच नसल्याने हे मी कधी अनुभवलंच नव्हतं. आजोबा म्हणाले, ‘‘हात काही बिघडलेला नाही, पिस्तूल हलकं आहे. आता हे घे.’’ आणि ग्लॉक-१९ पुढे सरकवलं.

काडतूस तेच, नाइन एमएम. पण हे पिस्तूल पी-३६५ पेक्षा दीडशेहून जास्त ग्रॅमनी जड, नळी चार इंचांची, दस्त्यावर पाचही बोटांना जागा. धक्का थेट मनगटात न येता तळहातभर पसरला. त्याच अंतरावर गोळ्या तळहाताएवढ्या जागेत यायला लागल्या. नंतर पुन्हा पी-३६५ घेतलं, या वेळी बारा गोळ्यांच्या लांब मॅगझीनसकट. करंगळीला टेकू मिळाला आणि निम्मा त्रास तिथेच मिटला. लपवण्याच्या दृष्टीने दस्ता थोडा लांबतो, पण माझ्या मते तो सौदा डोळे झाकून करावा.

म्हणून सांगते, शिकायचं मोठ्या पिस्तुलावर. छोटं पिस्तूल बाळगायला सोपं आहे, चालवायला नाही. ते हात बसलेल्या माणसाचं काम आहे. आणि पर्समध्ये तर मुळीच ठेवू नका. पर्स आपण खुर्चीला अडकवतो, शॉपिंग कार्टमध्ये ठेवतो, आणि घरात चॉकलेटसाठी तिच्यात हात घालणारं लेकरू असतं. ट्रिगर पूर्ण झाकणारं कडक होल्स्टर (पिस्तुलाचं म्यान) कमरेला आणि घरी कुलपाची पेटी, याला पर्याय नाही. भरलेली बंदूक सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागेल अशी ठेवणं हा टेक्सासमध्ये गुन्हा आहे.

१ सप्टेंबर २०२१ पासून इथे पात्र असलेल्या २१ वर्षांवरच्या व्यक्तीला परवान्याशिवाय पिस्तूल बाळगता येतं. तरीही मी परवाना काढणार आहे. एक तर काही शेजारची राज्यं तो मानतात, आणि वर्गात कुठे न्यायचं, कुठे नाही, बळ कधी वापरता येतं, हे नीट शिकवतात. त्याच्या परीक्षेत ५० गोळ्या झाडायच्या: तीन यार्डांवर २०, सातवर २० आणि पंधरावर १०. उत्तीर्ण व्हायला २५० पैकी १७५ गुण लागतात. ग्लॉक-१९ वर ती आज देता येईल असं आजोबांचं मत पडलं. पण मी कमरेला जे लावणार, त्याच पिस्तुलावर ती द्यायची असं मी ठरवलं आहे, आणि ३.१ इंचांच्या नळीने पंधरा यार्ड हे सोपं नाही. तोवर रोज रात्री मुलं झोपल्यावर सरावाच्या खोट्या गोळ्या घालून, भिंतीवरच्या एका ठिपक्याकडे बघत, ट्रिगर सरळ मागे ओढण्याचा सराव करायचा. त्यासाठी पिस्तूल घरात हवं, म्हणून या आठवड्यात आधी कुलपाची पेटी आणते आहे.