क्लिपवाले हेडफोन, महिना पाचवा: बास गेला कुठे?

मागचा अपडेट टाकून अडीच महिने झाले, मधे दोघातिघांनी विचारलं की काहून बे, ते कानाला लटकवायचे अजून चालू आहेत की गेले ड्रॉवरमधे, तर चालू आहेत, दोन्ही जोड्या चालू आहेत, फक्त मधे दहा दिवस मी स्वतःच्याच गाढवपणानं हैराण होतो, ते खाली येईलच.

नवीन लोकांसाठी थोडक्यात. एक जोडी नागपुरातल्या बर्डीच्या (सीताबर्डी) फुटपाथवरची, साडेतीनशेची, डब्यावर नाव छापलंय पण त्या नावाला काही अर्थ नाही. दुसरी कॉसची केएससी ७५. कॉस म्हणजे तीच मिलवॉकीवाली कंपनी, १९५८ साली स्टिरिओ हेडफोन काढणारी, पोर्टा प्रो हे डोक्यावरून घालायचे हेडफोन पण त्यांचेच, १९८४ पासूनचे. केएससी ७५ चे ६० ओहम (विजेला होणारा अडथळा) वाचून लोक उगाच घाबरतात की आता अँप, म्हणजे आवाज वाढवायचा वेगळा डबा, घ्यावा लागते. नाही लागत. १ मिलिवॅटला १०१ डेसिबल असा आकडा आहे आणि ६० ओहमवर १ मिलिवॅट म्हणजे पाव व्होल्टपेक्षाही जरासं कमीच, तेवढं तर फोनला हेडफोनची पिन जोडायचा कोणताही साधा टाइप-सी डोंगल देते. अँपचे पैसे वाचवा, सावजीत जा.

उन्हाळ्याचं सांगतो, कारण नागपुरात हेडफोनचा खरा पेपर मे महिन्यातच असते. ४५ डिग्रीत कान पूर्ण झाकणारे कुशनवाले घालून अर्धा तास बसून दाखवा, मी मानतो. क्लिपवाल्यात फक्त फोम टेकलेला असते, हवा खेळते, वजन कळतच नाही, तीन-तीन तास लावून बसलो आहे. पण पूर्ण ओपन, म्हणजे बाहेरचा आवाज सरळ आत येणारे, असल्यामुळे कूलर चालू झाला की खेळ खल्लास. आमचा कूलर जुना लोखंडी आहे, त्याची मोटर आणि तंबोरा यांची पट्टी जवळपास जुळते, त्यामुळे शास्त्रीय ऐकताना तर दोन तंबोरे वाजून राहिले असं वाटते आणि त्यातला एक बेसूर. मी सरळ गच्चीवर जातो. आईनं संध्याकाळी पाणी मारलेलं असते, नऊपर्यंत फरशी निवते, रस्त्यावरची गाडी पण कमी होते, तिथे हे हेडफोन जे वाजतात ते खोलीत कधीच वाजत नाहीत. पहिल्या दिवशी आईनं पाहिलं तेव्हा म्हणे, "काऊन रे बाबू, हे काय डूल घातले कानात?" आता तीच म्हणते हेच बरे, हाक मारली की ओ तरी देतोस.

मेट्रोत पण हेच वापरतो. सुभाष नगरला बसतो, सीताबर्डीला उतरून ऑरेंज लाइन धरतो खापरीकडे. आवाज थोडा वाढवला की बाजूच्या माणसाला आपलं सगळं ऐकू जाते म्हणून गाडीत फक्त बोलण्याचे कार्यक्रम, हळू आवाजात. स्टेशनची घोषणा आपोआप ऐकू येते, स्टेशन हुकत नाही. हेल्मेटमधे हे घुसत नाहीत, आणि तसंही गाडी चालवताना कानात काही नको.

चष्मेवाल्यांनी हे वाचा. आधी क्लिप, मग चष्मा. मी तीन महिने उलटं करत होतो, क्लिप दांडीच्या वरून बसायची आणि चष्मा काढला की क्लिप सोबत उडायची. एकदा जेवताना घाम पुसायला चष्मा काढला, उजवी बाजू सरळ वरणात. ड्रायव्हरला, म्हणजे आतल्या आवाज काढणाऱ्या चकतीला, काही झालं नाही, पण फोम धुऊन सुद्धा आठवडाभर उजव्या कानात हिंगाचा वास येत होता.

आता फोमबद्दल, कारण माझ्या मते या प्रकारच्या हेडफोनमधे अर्धा आवाज फोम आणि क्लिपच्या वाकणातच आहे, बाकी सगळं नंतर. ओपन असल्यामुळे ड्रायव्हर कानापासून एक-दोन मिलिमीटर जरी दूर गेला तरी बास, म्हणजे खालचा जड आवाज, पळून जाते. बोटानं हळूच कानाकडे दाबून पाहा, एकदम कळते. क्लिपमधे आत तार आहे, ती थोडी आत वळवायची, एका वेळी अगदी थोडी, आणि दहा मिनिटं ऐकायचं. जास्त वळवली की कानाच्या मागे दुखते, मी ते पण करून पाहिलं. फोम घामानं चपटा होते आणि मग वरचा आवाज टोचायला लागते, झांजा तर कानात सुईसारख्या जातात. महिन्यातून एकदा काढून, साध्या साबणाच्या पाण्यात दाबून-दाबून धुवायचा, पिळायचा नाही, सावलीत ठेवायचा. मी एकदा आपल्या इथल्या दुपारच्या उन्हात ठेवला होता, तो पापडासारखा झाला. पोर्टा प्रोचे म्हणून मिळतात ते फोम केएससी ७५ ला बसतात, ५० मिलिमीटरवाले.

तर आता तो गाढवपणा. बर्डीवाल्या जोडीची वायर बॅगच्या चेनमधे अडकवून मीच तोडली, पिनच्या अगदी मुळाशी. साडेतीनशेची वस्तू, फेकून देता आली असती, पण म्हटलं सोल्डरिंग गन घरात पडलीच आहे. पिन तीस रुपयाची आणली. वायर सोलली तर आत दोन्ही बाजूंच्या दोन-दोन अशा चार बारीक लड्या, केसापेक्षा बारीक तारा, मधे धागा. पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी सांगतो, या तारांवर रंगीत लॅकर, म्हणजे वार्निशसारखा थर, असते, ते जाळल्याशिवाय सोल्डर धरतच नाही, थेंब नुसता घरंगळतो. टोकावर सोल्डरचा मोठा थेंब घेऊन त्यात तार बुडवून धरायची, धूर निघते, मग तार एकदम चांदीसारखी चमकते, की झालं. हे मला माहीत होतं. फक्त मी उत्साहात चारही लड्या आधीच लायटरनं जाळल्या. रंग गेले. लाल कोणती, हिरवी कोणती, तांब्याची कोणती, सगळं काळं. मग अंदाजानं जोडलं, वाजलं, दोन्ही बाजू वाजल्या, मी खूश.

रात्री गच्चीवर लावले तर तबल्यातला बायाच, म्हणजे डाव्या हाताचा जड आवाजच, गायब. गाणारा समोर बसायच्या ऐवजी माझ्या डोक्याच्या मागे कुठेतरी पसरलेला. मी म्हटलं फोम. फोम बदलला. मग म्हटलं क्लिप, ती इतकी वाकवली की डावा कान लाल झाला. मग इक्वलायझरमधे खालचे दोन दांडे वर-वर नेत गेलो, तर नुसती घरघर. दहा दिवस हेच चाललं. मी केएससी ७५ लावायचो, बाया परत, बर्डीवाले लावायचो, बाया गायब, आणि तरी डोक्यात नाही आलं.

मग एके सकाळी तर्री पोहे आणायला गेलो होतो, गर्दी होती, भाऊ पोह्यावर तर्री ओतून राहिला होता आणि मी मोबाइलवर बातम्या ऐकत उभा, त्यानं काही विचारलं म्हणून डावी बाजू काढली. आणि बातम्या देणाऱ्याचा आवाज एकदम भरीव झाला. परत लावली, पोकळ. काढली, भरीव. तिथेच उभ्या-उभ्या कळलं. एका बाजूचे दोन टोक उलटे जोडले गेले होते, एका ड्रायव्हरचा पडदा बाहेर जायचा तेव्हा दुसऱ्याचा आत. एकेक कान वेगळा ऐकला तर काहीच कळत नाही, दोन्ही एकत्र आले की मधला माणूसच नाहीसा होते. घरी येऊन पिन उघडली, उजव्या बाजूचे दोन टोक अदलाबदल केले. बाया जागेवर.

म्हणून वायर जोडल्यावर आधी फोनमधे मोनो ऑडिओ (दोन्ही कानात सारखाच आवाज) चालू करा आणि कोणाचं तरी नुसतं बोलणं ऐका. आवाज कपाळाच्या मधोमध बसला पाहिजे. नंतर मोनो बंद करून डावं-उजवं पण तपासा, ते मी केलं नव्हतं, तीन दिवसांनी एका व्हिडिओत ऑटो डावीकडून आला आणि आवाज उजवीकडून. पिन परत उघडावी लागली.

आता डाव्या बाजूची क्लिप अजून जास्त वाकलेली आहे, त्या दहा दिवसांची आठवण, ती सरळ करायची हिंमत होऊन नाही राहिली कारण तार आतून तुटायची भीती आहे. कोणी सरळ केली असेल तर सांगा, गरम पाण्यात धरून करायची की तशीच?