फ्यूस, फ्यूस, फ्यू

गुरुवार, रात्री उशिरा

ऑफिसमधून आल्यापासून फ्रेंचची वही घेऊन बसलेय आणि एकच काळ चाललाय, स्युबजोंक्तिफ अँपार्फे, म्हणजे "यावं, करावं" ह्या इच्छेच्या रूपाचा भूतकाळ. क्लासमधली मैत्रीण परवा म्हणाली, अगं सोड ना, डेल्फ ह्या फ्रेंचच्या परीक्षेत बी-टू पातळीपर्यंत कोणी लिहायला लावत नाही, फ्रान्समध्ये सुद्धा कोणी बोलत नाही, कशाला त्यात वेळ घालवतेस. बोलत नाहीत हे खरंच आहे. पण मी फ्रेंच घेतलं ते वाचण्यासाठी, आणि जरा जुनं पुस्तक उघडलं की हे रूप सारखं भेटतं, आणि ज्याची ओळख नाही त्याच्यावरून नुसतं पुढे सरकत राहायचं हे मला जमत नाही. म्हणून आज जे कळलंय ते सगळं लिहून ठेवते, कोणी शिकत असेल तर त्यालाही उपयोग होईल.

आधी हे आहे काय ते. आपण म्हणतो "त्याने यावं अशी माझी इच्छा आहे" आणि "त्याने यावं अशी माझी इच्छा होती". इच्छा कालची झाली तरी "यावं" जागचं हलत नाही. आपल्या विध्यर्थाला काळाचं काही पडलेलं नाही. फ्रेंचची जुनी शिस्त वेगळी, मुख्य क्रियापद भूतकाळात गेलं की मागचं इच्छेचं क्रियापदही त्याच्याबरोबर भूतकाळात जायलाच हवं, ह्याला ते कोंकोर्दांस दे तां म्हणतात, काळांचा मेळ. म्हणजे "त्याने यावं" ह्यासाठी, इच्छा आज असेल तर "किल विएन", आणि इच्छा तेव्हाची असेल तर "किल वँ". आजचा फ्रेंच माणूस बोलताना दोन्हीकडे विएनच म्हणतो. म्हणजे बोलता बोलता ते आपल्या "यावं"च्या जवळ आले! मराठी माणसाला आजचं फ्रेंच इथे सोपं वाटतं आणि जुनं अवघड, ते ह्यामुळेच, आपल्याला इच्छेला काळ लावायची सवयच नाही.

रूपं बनवायची रीत मात्र खूप स्वच्छ आहे, इतकी की वर्तमानातल्या स्युबजोंक्तिफपेक्षा मला ही सोपी गेली. पासे सँप्ल म्हणजे गोष्टीतला भूतकाळ, त्याचं "तू"चं रूप घ्यायचं. पार्ले म्हणजे बोलणे, त्याचं होतं "तू पार्ला", शेवटी एक एस लिहितात पण वाचत नाहीत. त्या एसला पुढे आणखी एक एस आणि ई जोडलं की तो मुका एस बोलायला लागतो, पार्लाचं पार्लास होतं. मग पार्लास, पार्लास, पार्ला, पार्लासिओं, पार्लासिए, पार्लास. एवढंच. आणि फ्रेंचमधली जवळजवळ सगळी क्रियापदं चार स्वरांत वाटली जातात, पार्लेसारख्यांना आ, फिनीरसारख्यांना आणि फेर, प्रांद्र, व्वार ह्यांना ई, एत्र, आव्वार, साव्वार, पुव्वार, वुल्वार ह्यांना तो ओठांचा चंबू करून म्हणायचा यू, आणि व्नीर, त्नीर आणि त्यांच्या पोरासोरांना अँ. बेशरेल हे क्रियापदांच्या कोष्टकांचं पुस्तक उघडून बसलं तर पानंच्या पानं कोष्टकं दिसतात आणि छाती दडपते, पण पासे सँप्ल पक्कं असेल तर ह्या काळासाठी वेगळं पाठ करायचं काही उरतच नाही. आणि पासे सँप्ल पक्कं नसेल तर आधी ते करा, इथे येऊच नका, हे मनापासून सांगते.

खरी गंमत तिसऱ्या पुरुषाच्या एकवचनात आहे. बाकी पाचही ठिकाणी डबल एस, फक्त इथे नाही, इथे टी येतो आणि आधीच्या स्वरावर टोपी, म्हणजे ^ हे चिन्ह. एत्र म्हणजे असणे, त्याचं बघा, फ्यूस, फ्यूस, फ्यू, फ्युसिओं, फ्युसिए, फ्यूस. आता "तो होता" ह्याचं पासे सँप्लसुद्धा फ्यूच. उच्चारात काडीचा फरक नाही, लिहिताना फक्त यूवर टोपी आहे की नाही एवढाच. म्हणजे घडून गेलेली गोष्ट आणि नुसती मनात धरलेली गोष्ट ह्यांच्यामध्ये कागदावर फक्त ती टोपी! आणि ही टोपी कुठून आली तर जुन्या फ्रेंचमध्ये तिथे खरोखर एस होता, पुढे तो उच्चारातून गेला तरी लिखाणात रेंगाळला, आणि फ्रेंच अकादमीच्या कोशाच्या 1740 च्या आवृत्तीत अशा असंख्य शब्दांमधला मुका एस काढून त्याच्या जागी टोपी बसवली. 1990 मध्ये शुद्धलेखनाच्या सुधारणा झाल्या तेव्हा आय आणि यूवरची टोपी बऱ्याच शब्दांत ऐच्छिक केली, पण इथली नाही काढली, काढली असती तर हे दोन फ्यू डोळ्यांनाही वेगळे दिसले नसते. आयीर म्हणजे द्वेष करणे ह्या क्रियापदाला मात्र टोपी मिळत नाही कारण त्याच्या आयवर आधीच दोन टिंबं आहेत.

हे रूप मुळात लॅटिनमधलं, आणि तिथून ते फ्रेंचमध्येच आलं असं नाही, पोर्तुगीज, स्पॅनिश, इटालियन सगळीकडे गेलं आणि तिकडे अजून रोजच्या बोलण्यात आहे. माझ्या मावशीच्या सासूबाई पणजीच्या, गोवा मुक्त व्हायच्या आधी पोर्तुगीज शाळेत शिकलेल्या, त्या अजूनही बोलता बोलता "स एव पुदेस" म्हणतात, मला जमलं असतं तर. लहानपणापासून ऐकत आले होते. आज वहीत पुव्वार म्हणजे जमणे, त्याचं "प्यूस" लिहिताना एकदम लक्षात आलं की ही दोन्ही एकाच लॅटिन रूपाची पोरं. खूप आनंद झाला, खरंच.

मग फ्रेंचमध्येच का गेलं? एक तर ज्या पासे सँप्लवर ते उभं आहे तेच बोलण्यातून उठलं, आता ते पुस्तकात आणि मुलांच्या गोष्टींतच जास्त भेटतं. दुसरं म्हणजे आवाज, आसिओं, आसिए असे लांबलचक शेवट फ्रेंच कानाला जड वाटतात, शिवाय "आस" हा शेवट त्यांच्याकडे हेटाळणीच्या शब्दांना लागतो, पापरास म्हणजे नको असलेल्या कागदांचा ढीग, तसा. सरकारनेही हळूहळू सूट दिली, 26 फेब्रुवारी 1901 च्या आदेशात परीक्षेत काही ठिकाणी वर्तमानातलं रूप चालेल असं सांगितलं, आणि 28 डिसेंबर 1976 च्या आदेशाने ती सूट आणखी वाढवली. माझ्या मते हे योग्यच झालं. तोंडात नसलेल्या रूपासाठी शाळेतल्या पोराचे मार्क कापू नयेत. पण शिकवताना ते लपवूनच ठेवायचं हे मला पटत नाही, कारण मग पोरगं मोठं होऊन स्वतःच्या भाषेतलं चांगलं चांगलं लिखाण वाचायला घेतं आणि अडतं.

आणि ते लिखाण असं आहे की अडून चालणार नाही. कोर्नेय ह्या फ्रेंच नाटककाराच्या "ओरास" नाटकात, 1640 मधल्या, म्हाताऱ्या बापाला निरोप येतो की तीन मुलांपैकी दोघं पडले आणि तिसरा तीन शत्रूंसमोरून पळाला. बाप संतापतो. निरोप आणणारी ज्यूली विचारते, "क वुलिए-वू किल फी कोंत्र त्र्वा?", तिघांपुढे त्याने करायला काय हवं होतं? आणि बाप म्हणतो, "किल मूर्यू". मरायला हवं होतं. दोनच शब्द. प्रश्नातलं फी आणि उत्तरातलं मूर्यू, दोन्ही हाच काळ. इथे आजचं "किल मर" घालून बघितलं मी, तर हुकूम दिल्यासारखं वाटतं, जा, मर म्हणावं त्याला. मूर्यूमध्ये ती वेळ निघून गेलीय, आता काही करता येत नाही, बापाचं दुःख नेमकं तिथे आहे. वाचताना अंगावर काटा आला.

तसंच फ्रेंच विचारवंत पास्कालचं क्लिओपात्राच्या नाकाचं वाक्य, ते आणखी आखूड असतं तर पृथ्वीचं सगळं रूपच बदललं असतं. त्यातलं "असतं तर" म्हणजे "सिल यूत एते", आव्वारचा टोपीवाला यू. ही ह्या रूपाची दुसरी नोकरी, पुढे "एते"सारखा शब्द जोडून जे झालं नाही त्याबद्दल बोलायची, आणि हे आपल्याला अगदी जवळचं, मराठीत "असता, असती, असतं" शिवाय कोणाचा दिवस जातो!

आणि बोलण्यातून गेलं म्हणजे मेलं असंही नाही. आपल्याकडचं "ओ"चं रूप घ्या, करो, जावो, पडो. रोजच्या बोलण्यात "तो दुकानात जावो" असं आपण म्हणत नाही, पण "देव तुझं भलं करो" म्हणतो आणि "दुरितांचे तिमिर जावो" शाळेतल्या पोरालाही कळतं, कोणी व्याकरण समजावून द्यावं लागत नाही. फ्रेंचमध्येही "फ्यूस" म्हणजे असलं तरी, असलंच तर, "प्ल्यूत आ द्यू" म्हणजे देवाच्या मनात असतं तर, अशी काही रूपं वाक्प्रचारांत टिकून आहेत.

शिकणाऱ्यांना माझा सल्ला एवढाच की सहाच्या सहा रूपं घोकू नका, आसिओं-आसिए कथा-कादंबऱ्यांत फार कमी येतं. गोष्ट बहुतेक "तो"ची आणि "ती"ची असते, तेव्हा तिसऱ्या पुरुषाचं एकवचन आधी धरा. फ्यू, यू, फी, वँ, प्यू, द्यू, स्यू. ही सात ओळखता आली, टोपीसकट, की पान बऱ्यापैकी मोकळं होतं. मी ती कपाटाच्या दारावर लावलीत.

एक अजून. त्रेर म्हणजे धार काढणे, ह्याला पासे सँप्लच नाही, म्हणून हा काळही नाही. एक्स्त्रेर, दिस्त्रेर ह्यांचंही तेच. म्हणजे "त्याने गाईची धार काढावी अशी तिची इच्छा होती" हे साधं खेडेगावातलं वाक्य ह्या काळात लिहिताच येत नाही, एक तर वर्तमानातलं रूप घ्यायचं नाही तर फेर म्हणजे करणे, त्याचा आधार घेऊन "धार काढवून घ्यावी" असं फिरवून म्हणायचं.

उद्या नेत्र आणि विव्र करायचेत, नाकीस आणि वेक्यूस. जन्मणे आणि जगणे, दोन्ही मुळापासून बदलतात, वेळ लागणार.