लानिल्दूच्या खाडीकाठचा दगड

१६ सप्टेंबर, लानिल्दू, ब्रितानी, फ्रान्स

काल ब्रेस्टहून इथे पोहोचेपर्यंत अंधार पडला होता, त्यामुळे गावाचे पहिले दर्शन आज सकाळी घडले, आणि तेही नेमके ओहोटीच्या वेळी. आबेर इल्दूचे पाणी पार आटले होते. होड्या चिखलात कलंडलेल्या होत्या आणि दोन्ही काठांवर गुलाबी छटेचे गोलमटोल खडक उघडे पडले होते. 'आबेर' हा ब्रेतॉन, म्हणजे ब्रितानीच्या भाषेतला शब्द; अर्थ नदीचे मुख, जिथे समुद्र नदीच्या खोऱ्यात आत शिरतो ती जागा. आपण तिला खाडी म्हणतो. राजापूरच्या खाडीकाठी वाढलेल्या माणसाला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही, मात्र ओहोटी समजावून सांगावी लागते, कारण इथे उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीच्या पातळ्यांत सहा-सात मीटरचा फरक पडतो आणि डोळ्यांदेखत अख्खी खाडी रिकामी होते.

जेमतेम हजारभर वस्तीच्या या गावात मी एका दगडासाठी आले आहे. काही वर्षांपूर्वी पॅरिसमध्ये प्लास द ला कॉन्कॉर्द या चौकात उभे राहून इतरांप्रमाणे मीही लुक्सोरहून आणलेल्या इजिप्शियन स्तंभाचे फोटो काढले होते. पुढे ते पाहताना लक्षात आले की एकाही फोटोत खालचा चौथरा धड आलेला नाही. स्तंभ आस्वानच्या ग्रॅनाइटचा, तीन हजार वर्षांहून जुना, तेवीस मीटरच्या आसपास उंच. त्याच्याविषयी वाचण्यासारखे पुष्कळ मिळाले. चौथऱ्याविषयी एवढेच हाती लागले की त्याचे पाच अजस्र ठोकळे याच खाडीच्या काठचे आहेत. त्यांचे एकत्रित वजन सुमारे २४० टन, म्हणजे वरच्या स्तंभाहून थोडे जास्तच.

या स्तंभाला स्वतःचा चौथरा नव्हता असे नाही. लुक्सोरच्या मंदिरासमोर तो उभा होता तेव्हा त्याच्या पायथ्याशी उगवत्या सूर्याला हात उंचावून वंदन करणारी बबून माकडे कोरलेली होती. परंतु ती नर माकडे असल्याचे शिल्पकाराने जराही लपवले नव्हते, आणि एकोणिसाव्या शतकातल्या पॅरिसच्या सभ्य चौकात ते शोभणार नाही असे ठरले. माकडांचा तो दगड लूव्ह्र संग्रहालयात गेला आणि नव्या चौथऱ्यासाठी दगडाची गरज निर्माण झाली. लानिल्दूच्या दगडाला पॅरिस दिसले ते अशा रीतीने, इजिप्तच्या माकडांच्या कृपेने, याचे मला मोठे कौतुक वाटते.

स्तंभ इजिप्तहून आणण्यासाठी तूलाँ येथे 'लुक्सोर' नावाचे सपाट तळाचे जहाज मुद्दाम बांधले होते आणि वाफेवर चालणाऱ्या 'स्फिंक्स' जहाजाने ते समुद्रातून ओढत आणले. स्तंभ पॅरिसला उतरल्यावर तेच 'लुक्सोर' चौथऱ्याचे ठोकळे नेण्यासाठी १८३५ मध्ये या खाडीत आले. आज कोरड्या पडलेल्या खाडीकडे बघताना त्या सपाट तळाचा अर्थ खऱ्या अर्थाने कळला. नाईलच्या काठावर वाळूत रुतून स्थिर बसावे म्हणून जी घडण केली, तीच इथल्या ओहोटीत उपयोगाची होती: पाणी ओसरले की जहाज तळावर निवांत बसते, माल चढवता येतो, आणि भरती आली की ते आपसूक उचलले जाते. २५ ऑक्टोबर १८३६ रोजी अभियंता लबा याच्या देखरेखीखाली, राजा लुई-फिलिप आणि प्रचंड जनसमुदाय यांच्या साक्षीने स्तंभ उभा राहिला. चौथऱ्यावर सोनेरी रेषांत जी चित्रे कोरली आहेत त्यांत तो उतरवण्याची आणि उभारण्याची यंत्रे दिसतात. ज्या दगडावर ती कोरली तो कसा फोडला आणि कसा आणला, याचे चित्र मात्र तिथे नाही.

म्हणून काठाकाठाने हिंडले. हा ग्रॅनाइट सुमारे तीस कोटी वर्षे जुना आहे. जवळून पाहिले तर करड्या दाण्यांत फेल्डस्पार या खनिजाचे बोटाच्या पेराएवढे गुलाबी स्फटिक विखुरलेले दिसतात. ओला झाला की दगड अधिकच गुलाबी होतो. आमच्या सड्यावरच्या चिरेखाणींत जांभा जमिनीतून निघतो तेव्हा मऊ असतो, पूर्वी तो कुऱ्हाडीने तासत असत, आणि वारा लागल्यावर तो घट्ट होतो. इथे तसली सवलत नाही. दगडाचा कल पाहून एका रेषेत भोके पाडायची, त्यांत लोखंडी पाचरी बसवायच्या आणि एकेका पाचरीवर आळीपाळीने घण घालत राहायचे, म्हणजे खडक त्या रेषेवर दुभंगतो. अशा अर्ध्या भोकांची रांग अनेक खडकांच्या कडांवर अजून दिसते, शिवण उसवलेल्या कापडासारखी. वरच्या अंगाच्या जुन्या खाणींवर नेचे आणि काटेरी झुडपे माजली आहेत. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही म्हणतात. या दगडाने घाव सोसले आणि त्याच्या वाट्याला दुसऱ्याच्या देवाचे आसन होणे आले.

दुपारी बंदरावर गेले. आता गाव जगते ते समुद्रशैवालावर. युरोपातील शैवालाचे सर्वांत मोठे बंदर म्हणून लानिल्दूचे नाव घेतात. होडीवरच्या यांत्रिक हाताला बाटलीचे बूच काढण्याच्या स्क्रूसारखा एक भलामोठा आकडा टांगलेला असतो. तो पाण्यात फिरवून लॅमिनारिया या शैवालाच्या पट्ट्या गुंडाळून उपटतात आणि ट्रक भरून कारखान्यांकडे पाठवतात, जिथे त्यांतून आइस्क्रीमपासून दातांच्या साच्यांपर्यंत उपयोगी पडणारे अल्जिनेट काढले जाते. वास उग्र होता, पण बोंबील वाळत घातलेल्या अंगणात लहानपण गेलेल्या व्यक्तीने त्याची तक्रार करू नये.

माझ्या घरमालकीणबाई सत्तरीच्या आहेत. माझे मोडके फ्रेंच ऐकून त्या अधिक सावकाश बोलतात. "कॉन्कॉर्दच्या दगडासाठी आलात ना?" असे विचारून त्यांनी दाराच्या पायरीवर चप्पल आपटली, ही पायरीसुद्धा त्याच दगडाची, पण पावसात इतकी निसरडी होते की इथे राहणारा तिचे कौतुक करत नाही, असे त्यांचे म्हणणे. मग त्यांनीच आपल्या गाडीतून मला प्लुआर्झेलजवळच्या केरलोआसच्या मेन्हिरकडे नेले. साडेनऊ मीटर उंचीचा हा शिलास्तंभ आज फ्रान्समधील उभ्या मेन्हिरांत सर्वांत उंच मानला जातो. विजेने त्याचे टोक उडवले नसते तर तो आणखी उंच असता. दगड हाच, आबेर इल्दूचा! शंभर टनांहून जड असलेली ही शिळा काही हजार वर्षांपूर्वी माणसांनी निदान दोन किलोमीटर ओढत आणली, जहाजाशिवाय आणि राजाच्या साक्षीशिवाय. खालच्या अंगाला दोन बाजूंना दोन उंचवटे आहेत. नवविवाहित जोडपी त्यांवर उघडे अंग घासत, नवऱ्याला मुलगा व्हावा म्हणून आणि बायकोला घरात आपला शब्द चालावा म्हणून. हे सांगताना बाई मनापासून हसल्या. मी मेन्हिरचा फोटो काढला, या वेळी पायथ्यापासून.

संध्याकाळी पुन्हा एकटीच खाडीवर गेले. सकाळी नजरेतून सुटलेला एक खडक दिसला, ज्यावर भोकांची पुरी रांग होती, परंतु खडक फुटलेला नव्हता. कोणीतरी अकरा भोके पाडून काम सोडले होते. मागणी थांबली, दगडात चीर निघाली की दिवस संपला, कोण जाणे. मी बोट घालून पाहिले तर दोन पेरे आत गेले. भरतीचे पाणी चढत होते, आणि भोके एकामागून एक भरत गेली.